पंचावन्न मिलिमीटरचा रणगाडा

मी पाहिलेला पहिला रणगाडा एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळून आला होता.

वागळे इस्टेटमध्ये आमचं खोकी बनवायचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे शेठचं, पण आठ वर्षं झाली, तोंडात ‘आमचं’च येतं. मिठाईचे बॉक्स, औषधांची खोकी, दिवाळीला ड्रायफ्रूटचे कप्पेवाले डबे. मी सॅम्पलच्या टेबलावर असते. गिऱ्हाईक माप सांगतं, मी तेवढा एक डबा हाताने कापून, घडी मारून, चिकटवून दाखवते. पसंत पडला की मग त्याची डाय, म्हणजे कापायचा साचा, बनते आणि मशीनवर धडाधड माल निघतो. लोक पेढे संपल्यावर डबा फेकून देतात, पण त्या जातीचा पहिला डबा माझ्या हातचा असतो. मला याचा फार आनंद आहे. कुणाला सांगायला जात नाही, एवढंच.

तर एके दुपारी डोंबिवलीहून एक काका आले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक टोक काढलेली पेन्सिल. त्यांना सहा डबे हवे होते, आत कप्पे असलेले.

“सहाशे?” शेठनी विचारलं.

“सहा.”

“काका, सहा डब्यांसाठी मशीन कोण लावणार?” शेठ हसले आणि माझ्याकडे बोट केलं. “तिला विचारा. हाताने करून देत असेल तर घेऊन जा.”

काका माझ्या टेबलाशी आले. पिशवीतून बनियनची गुंडाळी काढली, उलगडली, आणि आतून निघाला हिरवा, मळका, चिखल उडालेला रणगाडा. मुठीपेक्षा थोडा मोठा. मला वाटलं लोखंडाचा असेल, म्हणून जपून दोन्ही हातांनी उचलला, तर तो पिसासारखा वर आला.

“अहो, हा पुठ्ठा आहे!”

“पुठ्ठाच आहे,” काका म्हणाले. त्यांना हे वाक्य ऐकायला आवडतं हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. “कागद, पुठ्ठा आणि गोंद. दुसरं काही नाही.”

मी तो फिरवून फिरवून पाहिला. चाकं, साखळीचे पट्टे, झाकणं, रिबिटाचे बारीक ठिपके. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, “पण काका, ही तोफेची नळी तडकलीय. कागद उलट्या बाजूने गुंडाळलाय तुम्ही.”

गिऱ्हाइकाला चूक दाखवायची नसते, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. पण काकांनी चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, “उलट्या म्हणजे?”

मग मी कापून उरलेल्या कतरणीतला एक तुकडा घेऊन दाखवला. कागदाला लाकडासारखी एक दिशा असते. त्या दिशेने वाकवला तर लोण्यासारखा वळतो, आडवा वाकवला तर कुरकुरतो आणि तडे जातात. त्यांनी तुकडा स्वतः वाकवला. दोनदा. मग आडवा करून परत.

“चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो,” ते म्हणाले. “जन्मभर कागदावर रेघा ओढल्या. आणि कागदाला बाजू असते हे मला आज कळतंय.”

डबे मी केले. घ्यायला आले तेव्हा काकांनी मला त्या रणगाड्यांचं काय करतात ते सांगितलं. मोठ्या टेबलावर नदी, टेकड्या, गावं मांडायची. दोन बाजू करायच्या. कोण किती इंच पुढे सरकणार ते टेपने मोजायचं, आणि गोळा लागला की नाही ते फासे टाकून ठरवायचं. दर दुसऱ्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी तिघं-चौघं जमायचे. असे रणगाडे बाजारात प्लास्टिकचे मिळतात म्हणे, पण काकांच्या टेबलावर ते चालत नव्हते. जे येईल ते स्वतःच्या हाताने, कागद-पुठ्ठ्यातून केलेलं हवं.

“हे सगळे मोठे लोक आहेत?” मी विचारलं.

“मोठे म्हणजे? एक तर बँकेत मॅनेजर आहे. ये की रविवारी बघायला. घरी बायको असते, काळजी करू नकोस.”

मी काळजी केलीच. मी सगळ्याचीच करते. टिटवाळ्याला मी ज्या खोलीत राहते तिथे माझ्याबरोबर एक ताई असतात, कल्याणच्या एका हॉस्पिटलात आया आहेत. त्यांना म्हटलं, अशा अशा घरी बोलावलंय. त्या म्हणाल्या, “कशाला?” म्हटलं, “रणगाडे बघायला.” त्या भाकरी थापता थापता थांबल्या. “लोकांना पोरगी बघायला बोलावतात. तुला रणगाडे बघायला. जाऊन ये बाई, निदान पोहे तरी मिळतील.”

डोंबिवलीला दार उघडलं ते काकूंनी. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तूच का ती कागदाची बाजू सांगणारी? ये, आत ये. ह्यांनी गेले चार दिवस घरातला प्रत्येक कागद वाकवून पाहिलाय. लाईटचं बिलसुद्धा सोडलं नाही.”

त्या एका वाक्याने माझी अर्धी भीती गेली. काकूंचे माझ्यावर पुढे खूप उपकार झाले, पण पहिला हा.

हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर एक जुनं दार आडवं टाकलेलं होतं आणि त्यावर अख्खा मुलूख. रंगवलेल्या भुशाचं गवत, पुठ्ठ्याची घरं, निळी चकचकीत नदी, आणि मधोमध एक दगडी पूल. तो काकांचा जीव की प्राण. त्याचा प्रत्येक दगड वेगळा कापून चिकटवलेला. मी वाकून पाहिला. एकही दगड दुसऱ्यासारखा नव्हता.

“ज्याचा पूल, त्याचा डाव,” बँकेतले साहेब म्हणाले. ते अंगाने भरलेले, हसरे, आणि त्यांच्यासमोर ठाण्याचा एक इंजिनीअर, तिशीचा, हातात सारखे फासे खुळखुळवणारा.

“काका सांगत होते, तुझा हात सॉलिड आहे,” इंजिनीअर म्हणाला. “कुठून केलंस? डिझाइन वगैरे?”

“वागळेला,” मी म्हटलं.

“अच्छा! तिकडे पण इन्स्टिट्यूट निघाली का?”

मी मान खाली घालून पुलाचे दगड बघत राहिले. मान खाली घातली म्हणजे खोटं बोललं नाही असं होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

खरं हे, की मी आठवीपर्यंत शिकले. यवतमाळकडचं आमचं गाव, पुढची शाळा दुसऱ्या गावात, एसटी कधी यायची कधी नाही, आणि घरी धाकटी भावंडं. कुणी मुद्दाम शाळेतून काढलं नाही, हळूहळू सुटली. मावशी ठाण्यात होती, तिच्याकडे आले, ती मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. मोजपट्टीवरची मिलिमीटरची बारीक रेघ कशी वाचायची हे मला कटिंगच्या मास्तरांनी शिकवलं, शाळेने नाही. मला त्याची लाज नाही. पण कुणी ‘कुठून केलंस’ विचारलं की मी टाळते. वाटतं, आता सांगितलं की यांचा चेहरा बदलेल, बोलायची पद्धत बदलेल, आणि मग मला पाणी विचारतील पण मत विचारणार नाहीत.

त्या दिवशी मी तीन तास उभं राहून लढाई पाहिली. कुणीतरी फासे टाकायचं, कुणीतरी डोक्याला हात लावायचं. मोठी माणसं नदीकाठच्या एका इंचावरून भांडत होती आणि पोहे खात होती. इतकी मजा मी किती दिवसांत पाहिली नव्हती. निघताना काकांनी एका चिठ्ठीवर माप लिहून दिलं: लांबी एकशे चार, रुंदी सत्तेचाळीस, उंची एकोणपन्नास.

“मिलिमीटरमध्ये. खऱ्याचा छप्पन्नावा हिस्सा. महिन्यानंतरच्या डावाला एक करून आण. माझ्या मापाला उतरला की तू आमच्यात बसशील.”

आमच्यात बसशील. टिटवाळ्याला पोचेपर्यंत मी ती चिठ्ठी मुठीत धरून होते. या शहरात मी पुष्कळ घरांत गेलेय. सॅम्पल दाखवायला, मावशीबरोबर कामाला, कुणाच्या बारशाला वाढायला. बसायला कुणी बोलावलं नव्हतं. मला त्या टेबलाशी बसायचंच होतं, आणि मला भीती होती की माप चुकलं तर जागा जाईल आणि त्याबरोबर वागळेची इन्स्टिट्यूटही उघडी पडेल.

शेठना विचारलं. ते म्हणाले, “कतरण पाहिजे तेवढी ने. पण जेवणाच्या सुट्टीत. आणि मशीनला हात लावायचा नाही.” मग थोड्या वेळाने स्वतःच येऊन विचारून गेले, “तोफ फिरणार का गं त्याची?”

जेवणाची सुट्टी अर्धा तास. दहा मिनिटांत डबा संपवायचा, उरलेली वीस मिनिटं रणगाड्याची. कतरणीच्या ढिगात इतका खजिना पडलेला असतो हे मला आठ वर्षांत दिसलं नव्हतं. भेटवस्तूच्या डब्यांना दोरी ओवायला भोकं पाडतो, त्यांच्या गोल टिकल्या पडतात. सहा-सहा टिकल्या एकावर एक चिकटवल्या की झालं चाक. मोठ्या खोक्याचा नालीदार कागद असतो, त्याचा वरचा सपाट पापुद्रा ओला करून सोलून काढला की खाली राहतात नुसत्या लाटा. तेच माझे साखळीचे पट्टे. तोफेची नळी उदबत्तीच्या काडीवर गुंडाळली, अर्थात सुलट्या बाजूने. आणि रिबिटं म्हणजे टाचणीच्या टोकाने ठेवलेले गमचे थेंब. एका बाजूला बावीस ठेवले. शेवटचा थोडा मोठा पडला तर सगळी ओळ पुसून परत केली.

अंग मात्र मी डब्यासारखं केलं. दुसरं मला येत नाही. कप्पा बोर्ड म्हणतात त्या जाड पुठ्ठ्याचा सांगाडा, त्यावर मिठाईच्या बॉक्सचा छापील कागद ताणून चिकटवलेला, म्हणजे कोपरे घट्ट बसतात. एका ऑर्डरची शीटं छापताना लाल रंग सोनेरीवरून सरकला होता, ती रद्दी भरपूर होती. आणि त्या कागदावरून, दोन्ही बाजूंना, बाहेरचं चिलखत म्हणून आणखी एक जाड थर, अर्ध्या चाकांपर्यंत खाली उतरलेला. मग हिरवा रंग. वरून आत काय आहे ते कुणाला कळणार?

वर्कशॉपमध्ये तोवर सगळे जण त्या रणगाड्याचे मालक झाले होते. रोज कोणी ना कोणी येऊन उभं राहायचं. पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या, चिखल कमी पडतोय, आमच्या गल्लीतला बघून ये. शेवटी कटिंगच्या मास्तरांनी तो हातात घेतला, वरचा फिरता बुरूज उचलून बाजूला ठेवला, आत डोकावले, आणि स्टीलची पट्टी आत घातली.

“लांबी एकशे चार. रुंदी सत्तेचाळीस. उंची एकोणपन्नास.” त्यांनी पट्टी बाहेर काढली. “एक रेघ इकडेतिकडे नाही. शाब्बास. ह्यात पेढे किती बसतील?”

“पाव किलो,” मी म्हटलं.

“बुरुजात बर्फीचा एक तुकडा जाईल,” मावशी म्हणाल्या. सगळे हसले. रणगाडा पास झाला.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “कायचा रणगाडा वं? तिकडं जेवाले भेटते ना तुले बराबर?” मी म्हटलं, “भेटते माय. पोहेही भेटतात.” ती म्हणाली, “मंग बनव.”

डावाच्या रविवारी मी रणगाडा मीच बनवलेल्या डब्यात घेऊन गेले. काकूंनी आधी डब्याचंच कौतुक केलं. टेबलाभोवती काका, साहेब आणि इंजिनीअर होते. मी झाकण उघडलं. इंजिनीअरने शीळ घातली. साहेबांनी हात पुसून रणगाडा उचलला आणि रिबिटं मोजायला लागले. मला वाटलं, झालं, आता बसायचं.

काकांनी बारीक मोजायचं वर्नियर काढलं. जुनं, चकचकीत, मखमलीच्या पेटीतलं. रणगाड्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे जबडे टेकवले आणि चष्म्यावरून पाहिलं. मग परत टेकवले.

“पंचावन्न,” ते म्हणाले.

मला वाटलं गंमत करताहेत.

“अगं, मी सत्तेचाळीस सांगितलं होतं. आठ मिलिमीटर जास्त. म्हणजे खऱ्या रणगाड्याला दीड फूट.”

“नाही काका. सत्तेचाळीसच आहे. मास्तरांनी तपासलंय.”

“कोण मास्तर?” इंजिनीअर म्हणाला. “तुमचे सर?”

मी बुरूज उचलला, पिशवीतली पट्टी काढली, आत घातली. “हे बघा. सत्तेचाळीस.”

काका आत डोकावले. पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खरोखर न कळल्यासारखा चेहरा करून त्यांनी विचारलं, “पण तू आतून का मोजतेयस?”

“मग कुठून मोजायचं?” मी म्हटलं. “डबा आतूनच मोजतात. गिऱ्हाईक माप सांगतं ते आतलंच असतं. माल आत बसला पाहिजे ना, काका!”

आणि बोलता बोलताच मला एकदम कळलं, की रणगाड्याच्या आत काही ठेवायचं नसतं. अख्ख्या वर्कशॉपला, मास्तरांपासून पॅकिंगच्या मावशींपर्यंत, एकालाही हे सुचलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, एक रेघही न चुकवता, त्याचं आतलं माप बरोबर आणलं होतं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून मी बोलून टाकलं. “मी खोकी बनवते. वागळेला इन्स्टिट्यूट नाही, वर्कशॉप आहे. कॉलेज वगैरे नाही केलेलं. आठवी झालेय.”

बोलून मी पुलाकडे बघत राहिले. आणि साहेबांनी घसा खाकरला.

“म्हणजे,” ते म्हणाले, “ह्या रणगाड्याच्या आत काकांच्या मापाचा दुसरा रणगाडा बरोबर बसेल?”

“बसेल,” मी म्हटलं. काय करणार, खरंच बसला असता.

“अरे, हिने रणगाडा नाही, रणगाड्याचं पॅकिंग आणलंय!”

ते असे हसायला लागले की टेबलावरची दोन झाडं पडली. इंजिनीअर भिंतीला टेकला. काकू आतून “काय झालं, काय झालं” करत आल्या, त्यांना सांगेपर्यंत साहेबांच्या डोळ्यांत पाणी. मी आधी तोंडावर हात धरला. मग मलाही राहवेना. पाव किलो पेढ्यांचंही सांगितलं. मग तर कहर झाला.

हसू ओसरल्यावर इंजिनीअर माझ्याकडे वळला. मी वाट बघत होते, चेहरा बदलतोय का. त्याने स्वतःचा रणगाडा उचलून माझ्या नाकासमोर धरला. “यार, मी चार वर्षं इंजिनीअरिंग केलंय. माझी चाकं बघ. अंडी झालीत. टिकल्या कुठे मिळतात त्या मला सांग आधी.”

काका मात्र हसत नव्हते. म्हणजे हसले होते, पण आता थांबले होते. “गंमत गंमत झाली. पण नियम आहे, पुलावरून जाईल तोच खेळेल,” असं म्हणत त्यांनी माझा रणगाडा पुलाच्या तोंडाशी नेला. तो दोन्ही कठड्यांना अडला. “पूल बावन्नचा आहे. हा जात नाही. आज तू बघ, पुढच्या डावाला नवा कर. कामाबद्दल वाद नाही, काम उत्तम आहे.”

ते बोलत होते ते बरोबरच होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ‘हो काका’ म्हणून भिंतीशी जाऊन उभी राहिले असते. पण नुकतीच मी त्या सगळ्यांबरोबर पोट धरून हसले होते, आणि मला परत भिंतीशी जायचं नव्हतं.

“काका, मला अर्धा तास द्या,” मी म्हटलं. “आणि एक ओला फडका.”

कटर माझ्या पिशवीत असतोच. काकू फडका घेऊन आल्या आणि जायच्या ऐवजी समोर बसल्या. “मी धरते,” म्हणाल्या. “विळीपुढे आयुष्य गेलंय, पात्याने हात कापून घेणार नाही.”

मला एक गोष्ट माहीत होती, जी फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असते. मिठाईच्या छापील कागदाला वरून चकाकी असते, आणि चकाकीवर गम नीट धरत नाही. म्हणून डबा चिकटवायच्या जागी आम्ही चकाकी खरवडून घेतो. रणगाड्यावर चिलखताचा थर लावताना मी फक्त कडा खरवडल्या होत्या, मधली जागा घाईत तशीच सोडली होती. ती घाई आता कामाला आली. कडेकडेने ओला फडका दाबला, कटरचं पातं आडवं घातलं, आणि हळूच फिरवत नेलं. एक कोपरा सुटला. मग चिलखताचा अख्खा थर, बावीस रिबिटांसकट, एका तुकड्यात अलगद निघून आला.

इंजिनीअर फासे खुळखुळवायचा थांबला होता.

थराखाली लाल-सोनेरी अक्षरं होती. थोडी सरकलेली, पण लखलखीत. ‘शुद्ध तुपातील’. दुसरी बाजू सोलली, तिथे मोदकाचं अर्धं चित्र आणि ‘काजू’.

“अगंबाई,” काकू म्हणाल्या.

काकांनी वर्नियर लावलं. “एक्कावन्न.” मग त्यांनी रणगाडा स्वतःच्या हाताने पुलावर ठेवला आणि एका बोटाने ढकलला. तो गेला. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर सोडून, कठड्यांच्या मधून, सरळ पलीकडे.

“पण हा असा खेळणार? तूप लावून?” काका म्हणाले.

“नियमात रंगाबद्दल एक अक्षर नाही,” साहेब म्हणाले. “मी माझ्या बाजूला घेतो हिला. बस गं. ती खुर्ची ओढ.”

मी बसले. काकांनी मला दहा पुठ्ठ्याचे सैनिकही उसने दिले.

लढाईचं सांगायचं तर मी काही पराक्रम केला नाही. पहिल्या खेपेला मी घाबरून चारच इंच सरकले. दुसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, “अगं, जा की पुढे, तुपाला कोण अडवतंय?” तिसऱ्या खेपेला पुलाच्या मधोमध पोचले आणि इंजिनीअरने फासे टाकले. दोन्हींवर सहा. साहेबांनी डोळे मिटले. काकांनी कापसाचा काळा पुंजका आणून माझ्या बुरुजावर ठेवला. म्हणजे धूर. म्हणजे मेला.

महिन्याभराच्या सगळ्या जेवणाच्या सुट्ट्या, आणि पंधरा मिनिटांत खेळ खलास. आश्चर्य म्हणजे मला वाईट वाटलं नाही. मरायला तरी बसायला मिळालं होतं.

“आता पूल माझा,” इंजिनीअर म्हणाला आणि आपला अंडाकृती चाकांचा रणगाडा पुढे आणला. पुलाच्या तोंडाशी आला आणि थांबला. “काका, तिचा काढा ना मधून.”

“मेलेला जागेवर राहतो,” काका म्हणाले. “नियम आहे.”

“मग बाजूने जातो.”

काकांनी चष्मा सारखा केला आणि पुलावर वाकले. “बाजूला अर्धा मिलिमीटर आहे.”

हे पहिल्यांदा साहेबांना कळलं. त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की नदीकाठचं एक घर उलटलं. माझा मेलेला रणगाडा पुलात बुचासारखा बसला होता. सत्तेचाळीसचा असता तर शेजारून निदान पायदळ गेलं असतं. आता मुंगीसुद्धा जाणार नव्हती.

“मग ढकलतो!” इंजिनीअर म्हणाला. “ढकलायचा नियम आहे. चारच्या वर पडलं की ढकलता येतं.” आणि त्याने लगेच फासा टाकला. पाच.

“ओ, थांबा!” मी उठलेच. “ढकलायला पलीकडे मोकळं लागतं. पलीकडे साहेबांची तोफ उभी आहे. आणि तुम्ही काकांनी हो म्हणायच्या आधी फासा टाकलात, तो धरायचा नाही!”

“धरायचा! काका, सांगा तिला.”

“काय सांगा? टेप लावा. लावा टेप! पुलाच्या शेवटापासून तोफेपर्यंत दोन इंच नाहीत. आणि बाहेरून मोजा बरं का, आतून नाही!”

साहेब मला टाळी द्यायला हात पुढे करून बसले होते. काका नियमांची वही उघडून पान शोधत होते. इंजिनीअर “चीटिंग आहे, यार” म्हणत होता आणि मी त्याच्यावर “चीटिंग तुमची” म्हणून ओरडत होते, दोन्ही हात टेबलावर टेकून.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, “अगं हळू! खालच्या मजल्यावरचे आजोबा झोपलेत. चौघांत तुझाच आवाज मोठा येतोय.”

मी सॉरी म्हटलं, खाली बसले, आवाज कमी केला आणि इंजिनीअरला परत विचारलं, टेप लावतोय की नाही.